वाटी की खुळखुळा?

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला आमच्या घरी एक मोठे खोके आले. आत रंगीत प्लॅस्टिकचे एक खेळणे होते. त्याला पाच बटणे होती. बटण दाबले की दिवा लागायचा, एखाद्या प्राण्याचा आवाज यायचा आणि मागोमाग इंग्रजी मुळाक्षरांचे गाणे सुरू व्हायचे. खोक्यावर ‘बुद्धीच्या विकासासाठी’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. नातवाने आधी चकचकीत कागद फाडला, चुरगाळला, तोंडात घालून पाहिला. मग खोक्यात शिरण्याचा प्रयत्न केला. खेळण्याची दोन बटणे दाबून झाली आणि स्वारी रांगत थेट स्वयंपाकघरात गेली. खालच्या फळीवरची स्टीलची एक वाटी आणि डब्याचे झाकण हाती लागले. पुढे बराच वेळ घरात त्या दोहोंखेरीज कशाचा आवाज ऐकू आला नाही.

खेळणे आणणाऱ्या पाहुण्यांचा चेहरा उतरला. “लहान आहे हो अजून, त्याला काय कळतंय त्यातलं!” असे म्हणून घरातल्यांनी वेळ निभावून नेली. आम्हीही मान डोलावली. रात्री मात्र तोच प्रश्न डोक्यात राहिला. मुलाला खेळण्यातले कळत नव्हते, की आम्हाला वाटीतले कळत नव्हते?

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्रपटाचे तर होतेच. खेळण्याचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. उत्पादकाने खोक्यावर जे छापले तेच त्याचे परीक्षण. आई-वडील त्यावर विश्वास ठेवतात आणि बालवाडीची खरेदीही पुष्कळदा त्याच मजकुरावर होते. म्हणून आम्ही येथे एक प्रयत्न करणार आहोत. वाटी आणि बटणांचे खेळणे शेजारी शेजारी ठेवून दोहोंचे परीक्षण करायचे. पुराव्याला धरून करायचे, आणि वाटीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही त्यातून सूट द्यायची नाही.

आधी विधान तपासू

‘लहान मुलांना खेळण्यांपेक्षा घरातल्या वस्तूच जास्त आवडतात’ हे विधान इतक्या वेळा ऐकू येते की ते सिद्धच झाले आहे असे वाटावे. परंतु विज्ञानशिक्षकाने येथे थांबायला हवे. खेळणे दिले आणि मूल त्याच्याशी खेळले, हा प्रसंग कोणी कोणाला सांगत नाही. खेळणे टाकून मूल पातेल्याकडे गेले, हा प्रसंग मात्र सर्वांना सांगितला जातो. म्हणजे आपल्या आठवणींचा नमुनाच एकतर्फी असतो. दुसरे असे, की घरात खेळणी दहा-वीस आणि इतर वस्तू शेकड्यांनी. निव्वळ योगायोगानेही मुलाचा हात वस्तूंवरच जास्त वेळा पडणार. तिसरे, खेळणे रोजचे असते आणि कात्रीचा डबा किंवा वडिलांचा चष्मा क्वचितच हाती लागतो. तेव्हा मुलाला घरातली वस्तू आवडली, की केवळ नवी वस्तू आवडली, हे वेगळे काढल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही.

मग प्रत्यक्ष नोंदी काय सांगतात? ओरिट हर्झबर्ग, कॅरन अॅडॉल्फ, कॅथरीन टॅमिस-लेमोंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी १३ ते २३ महिन्यांच्या ४० मुलांच्या घरी दोन-दोन तासांच्या दोन भेटी दिल्या, मुले जे करतील ते चित्रित केले आणि नंतर एकेक चौकट पाहून मोजदाद केली. मुलाने वस्तू हाताळल्याचे १०,०१५ प्रसंग नोंदले गेले. या प्रसंगांच्या कालावधीचा मध्यक फक्त ९.८ सेकंद होता. निम्मे प्रसंग याहून छोटे, निम्मे मोठे. मुले डझनावारी वस्तूंवरून फिरत होती आणि त्यांत खेळणी होती, तशाच खेळणी नसलेल्या वस्तूही होत्या. असे असूनही एकूण वेळेचा बराच मोठा भाग वस्तू हाताळण्यातच गेला होता.

या नोंदींतून ‘मुलांना खेळणी नकोत’ असे निघत नाही. आम्हाला त्यातून दिसते ते असे, की खेळणे आणि वस्तू ही सीमारेषा आपण आखलेली आहे. बाळाला ती ठाऊक नाही आणि मान्यही नाही. त्याच्या दृष्टीने चेंडू, चपल, चमचा आणि खुळखुळा ही एकाच जगाची माणसे. ‘एका गोष्टीवर याचं लक्षच ठरत नाही’ अशी जी तक्रार आपण करतो, तिलाही येथे उत्तर आहे. दहा सेकंदांचा घास हाच या वयाचा स्वाभाविक घास आहे. असे हजारो घास घेऊनच मूल शिकते.

तेव्हा प्रश्न बदलून घेऊ. मूल काय टाकते आणि काय उचलते हे बाजूला ठेवून विचारू, की कोणत्या वस्तूत त्याला शिकण्यासारखे अधिक सापडते?

वाटीचे परीक्षण

वाटी हातात घ्या. खोलीतल्या इतर वस्तूंइतकेच तिचे तापमान असते, तरी ती थंड लागते. स्टीलची उष्णतावाहकता नेहमीच्या प्लॅस्टिकच्या कित्येक पटींनी जास्त असल्याने ती आपल्या बोटातली उष्णता भराभर ओढून घेते. चंद्रपूरच्या मे महिन्यात, खोलीचे तापमान शरीरापेक्षा वर गेले की हीच वाटी गरम लागेल आणि शेजारचे लाटणे तितके लागणार नाही. बाळाला हे नियम ठाऊक नसतात. पण ओठ आणि जीभ ही त्याची सर्वांत संवेदनशील मोजमापाची साधने, आणि प्रत्येक वस्तू ते आधी तेथेच नेते. चव, गारवा, कठीणपणा, कडेची धार हे सारे त्याला तेथे कळते.

वाटी जमिनीवर आपटा. ती पालथी आपटली तर एक आवाज, उताणी आपटली तर दुसरा. मुठीत घट्ट धरून तिच्यावर चमचा मारला तर आवाज बसका, कारण कंपने हाताच्या मांसात विरतात. चटईवर ठेवून मारला तर वेगळा, फरशीवर वेगळा. पाणी घालत गेले की स्वर खाली उतरतो. वाटीची बाहेरची बाजू बहिर्वक्र आरसा, आतली अंतर्वक्र. बाहेरून बाळाला लहान, फुगीर तोंड दिसते, तर आतून थोड्या अंतरावरून उलटे. वाटीत वाटी बसते, मोठीत लहान बसते, लहानीत मोठी बसत नाही. झाकण कडेवर उभे करून सोडले की ते डगमगत फिरते, जितके आडवे होत जाते तितकी खडखड जलद होते, आणि मग एकदम शांतता. मोठ्यांनीही पाहत राहावे असे हे दृश्य आहे.

आता बटणांच्या खेळण्याकडे वळू. ते कोठेही हात लावला तरी सारखेच लागते. वजनाला हलके, कडा गोल, चव एकच. आपटले तर एकच ठप्प आवाज. बटण हळू दाबा, जोरात दाबा, डाव्या हाताने दाबा, पायाने दाबा, गाय एकाच स्वरात हंबरते. ती का हंबरते याचे उत्तर चार स्क्रूंनी आत बंद केलेले आहे.

येथे खेळण्याच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘माझ्यामुळे काहीतरी घडले’ हा आनंद बाळाला फार लवकर कळतो आणि बटणाच्या खेळण्यामागची कल्पना तीच आहे. कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक साधा प्रयोग सुरू केला. तीन महिन्यांच्या आसपासच्या बाळाच्या घोट्याला रिबन बांधायची आणि तिचे दुसरे टोक पाळण्यावर टांगलेल्या झुंबराला जोडायचे. काही मिनिटांतच बाळ जास्त लाथा मारू लागते, कारण झुंबर आपल्यामुळे हलते हे त्याला कळते. पण त्या झुंबराचे वैशिष्ट्य असे, की जितकी जोराची लाथ तितके जास्त हलणे. उत्तर प्रश्नाच्या प्रमाणात येते. वाटी असेच उत्तर देते. बटण देत नाही. ‘कारण आणि परिणाम शिकवते’ असे खोक्यावर छापलेले असते, त्यातले अर्धेच खरे आहे.

टाकून पाहणे

जीन पियाजे यांनी आपल्या तीन मुलांच्या बारकाईने घेतलेल्या नोंदींवर १९३६ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाच्या बुद्धीचा उगम हा त्याचा विषय. त्यांचा मुलगा लॉराँ दहा महिन्यांचा असताना पाठीवर पडून एकेक वस्तू उचलायचा, हात लांब करायचा आणि वस्तू सोडून द्यायचा. कधी हात सरळ, कधी तिरपा, कधी डोळ्यांसमोर, कधी मागे. वस्तू नेमकी कोठे पडते हे तो पाहत राही. पियाजे यांच्या नोंदीत या वस्तूंमध्ये सेल्युलॉइडचा हंस आहे आणि एक डबीही आहे. एक खेळणे, एक घरातली वस्तू. लॉराँला फरक पडला नाही.

मूल उंच खुर्चीवरून चमचा दहा वेळा खाली टाकते तेव्हा आपण चिडतो, कारण आपल्याला तीच कृती दहा वेळा दिसते. नीट पाहिले तर त्या दहा वेगवेगळ्या कृती असतात. एक गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, याला आपण नववीच्या प्रयोगशाळेत चल राशी म्हणतो. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ११ महिन्यांच्या मुलांना काही ‘अशक्य’ घटना दाखवल्या. चेंडू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसला, तर मुलांनी नंतर तो चेंडू आपटून पाहिला. गाडी आधाराशिवाय हवेत राहिल्यासारखी दिसली, तर त्यांनी गाडी खाली टाकून पाहिली. जी शंका होती तिला साजेशीच तपासणी. आता ज्या खेळण्याचे उत्तर कारखान्यात ठरलेले आहे, त्याला शंका विचारून मुलाच्या हाती काय येणार?

मोठ्यांच्या हातातली वस्तू

वाटीचे गुण वाटीतच असतात, पण रिमोटचे काय? त्यात ना नाद, ना आरसा. तरीही खराखुरा रिमोट पाहिला की मूल खेळण्यातला रिमोट भिरकावून देते. येथे कारण दुसरे आहे. मूल वस्तूकडे पाहते तितकेच वस्तू वापरणाऱ्याकडेही पाहते.

ग्यॉर्गी गेर्गेली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. १४ महिन्यांच्या मुलांसमोर एका बाईने टेबलावरचा दिवा कपाळ टेकवून लावला. एका गटाला दिसले की बाईंचे हात मोकळे आहेत, तरी त्यांनी कपाळच वापरले. त्यातल्या ६९ टक्के मुलांनी नंतर स्वतःही कपाळ टेकवले. दुसऱ्या गटाला दिसले की बाईंनी दोन्ही हातांनी अंगाभोवती शाल धरून ठेवली आहे. त्यातल्या फक्त २१ टक्के मुलांनी कपाळ वापरले, बाकीच्यांनी सरळ हाताने दिवा लावला. म्हणजे मूल नुसती नक्कल करीत नाही. या माणसाने असे का केले असावे, याचा अंदाज ते बांधत असते.

अशा मुलासमोर घरातली चार माणसे दिवसभर एकच काळी पट्टी हातात घेतात, तिच्यासाठी भांडतात, ती हरवली की घर शोधतात. त्या पट्टीत काहीतरी मोठे असले पाहिजे, हा मुलाचा निष्कर्ष तर्काला धरूनच आहे. खेळण्यातल्या रिमोटसाठी कोणी भांडत नाही आणि तो दाबून पडद्यावर काही बदलतही नाही. मूल फसत नाही, इतकेच.

हे वय ओलांडल्यावरही ओढ टिकते. टॅगार्ट, हाइझ आणि लिलर्ड यांच्या २०१८ च्या अभ्यासात ३ ते ६ वर्षांच्या १०० मुलांना विचारण्यात आले, की अमुक काम खरे करायला आवडेल की खोटे खोटे? बहुतेक वेळा मुलांनी खरे काम निवडले. आपल्या जुन्या भातुकलीचे मर्म येथेच असावे. भांडी लहान, पण तांब्या-पितळेची आणि खरी. पोहे-गूळही खरा, आणि शेवटी तो खायला मिळायचा.

खेळणे बोलते, माणूस गप्प होतो

बटणांच्या खेळण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप अजून मांडायचा आहे. अॅना सोसा यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांची २६ मुले आणि त्यांचे पालक होते. त्यांना तीन प्रकारचे साहित्य दिले: बोलणारी-गाणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी, ठोकळे आणि लाकडी कोडी यांसारखी साधी खेळणी, आणि पुस्तके. घरातले बोलणे ध्वनिमुद्रित केले. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांबरोबर पालक सर्वांत कमी शब्द बोलले आणि मुलाशी होणारी देवाणघेवाणही कमी झाली. पुस्तकांबरोबर सर्वांत जास्त बोलणे झाले. नमुना लहान आहे, तेव्हा यावरून मोठी इमारत बांधू नये. पण निष्कर्षाची दिशा आपल्या अनुभवाशी जुळते. खेळणे बोलू लागले की आई गप्प बसते. वाटी बोलत नाही, म्हणून कोणीतरी म्हणतेच, “अगंबाई, पडली का? कुठे गेली वाटी?” भाषा या वाक्यातून शिकली जाते. मुळाक्षरांच्या गाण्यातून या वयात ती शिकली जात असल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तीन टोपल्या

खेळण्यांवरची टीका नवी नाही. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात खेळण्यांवर एक छोटा लेख लिहिला. मोठ्यांचे जग लहान करून मुलाच्या हाती दिले जाते, मुलाने ते फक्त वापरायचे, नवे काही घडवायचे नाही, असा त्यांचा आक्षेप होता. प्लॅस्टिकविषयी त्यांना तिटकारा होता आणि लाकडाविषयी जिव्हाळा. पण बार्त समीक्षक होते, मुलांत बसणारे नव्हते. मुलांत बसून हाच प्रश्न तीन बायकांनी सोडवला.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथे त्यांनी बाहुल्या आणि चांगली किमती खेळणीही ठेवली होती. मुलांनी ती निवडली नाहीत. मुलांना खऱ्या कामाची भूक आहे, हे त्यांनी ओळखले. मात्र त्यापुढे जाऊन त्यांनी लुटुपुटीच्या खेळाला फारच खालचे स्थान दिले, हे आम्हाला पटत नाही. दीड-दोन वर्षांच्या पुढे मूल काठीचा घोडा करते तेव्हा एका वस्तूने दुसरीची जागा घेते. भाषेतही शब्द हेच काम करतो. शिवाय माँटेसरींची साधने मापात तंतोतंत बनवावी लागत आणि महाग पडत.

ही अडचण ताराबाई मोडकांना येथे जाणवली. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. विकतची साधने वारली पाड्यांत परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, बांबू यांनी लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत हे भेद शिकवले गेले. साधन स्वस्त झाले म्हणून हलके झाले नाही. उलट मुलाच्या रोजच्या जगातले असल्याने अधिक बोलके झाले.

तिसरी टोपली एलिनॉर गोल्डश्मीड या इंग्रज शिक्षिकेची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी इटलीत काम केले. बसता येते पण अजून रांगता येत नाही, अशा बाळांसाठी त्यांनी ‘खजिन्याची टोपली’ सुचवली. सपाट बुडाची, बिनकडीची, बुटकी टोपली. तिच्यात ब्रश, चमचे, साखळी, लाकडी चेंडू, कातडी पाकीट, लिंबू अशा वस्तू ठेवायच्या. मोठ्या माणसाने जवळ बसायचे, लक्ष द्यायचे, पण मध्ये पडायचे नाही. या टोपलीत प्लॅस्टिक नको, असा त्यांचा नियम होता. भोवती सर्व खेळणी प्लॅस्टिकची असताना हा नियम समजण्यासारखा आहे. पण आमच्या मते खरा मुद्दा विविधतेचा आहे. दहा लाकडी वस्तूही बाळाला दहा प्लॅस्टिकच्या वस्तूंइतक्याच एकसुरी वाटू शकतील. आपल्या न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा मग पाणी भरतो, ओततो, तरंगतो, बुडतो. त्याला टोपलीबाहेर का काढावे?

कौतुकातला धोका

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग खेळण्यांवर खर्च कशाला? अंगणवाडीला जुनी भांडी द्या, काम झाले. वाटीच्या कौतुकाचा हा सर्वांत वाईट उपयोग होईल, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

सॅली ग्रँथम-मॅग्रेगर आणि सहकाऱ्यांनी जमैकातील किंग्स्टन येथे १९८० च्या दशकात एक प्रयोग केला. कुपोषणाने वाढ खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची १२९ मुले त्यात होती. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, सुमारे तासभर, दोन वर्षे जात राहिली. तिच्याजवळ घरी बनवलेली खेळणी असत, टाकाऊ वस्तूंतून केलेली. आईला ती मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे दाखवी. वीस वर्षांनी या मुलांचा शोध घेतला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा भेटी ज्यांच्या घरी झाल्या त्यांची कमाई भेटी न झालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती.

टाकाऊ वस्तू फुकट होत्या. त्या बाईचा तास फुकट नव्हता. दोन वर्षे, दर आठवड्याला कोणीतरी पगार देऊन, शिकवून, एका माणसाला त्या घरी पाठवले होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून आपल्याकडे अंगणवाडी उभी राहिली. पोषण, वजन, लसीकरण आणि नोंदवह्या सांभाळून सेविकेला मुलांबरोबर जमिनीवर बसायला वेळ उरतो का, हा खरा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळण्यांचा, कोड्यांचा, गोष्टींचा संच जाहीर केला. अशा पेटीचे आम्ही स्वागत करतो. पण पेटी कितीही चांगली असली, तरी ती उघडून मुलांत बसणारे माणूस पेटीत घालून पाठवता येत नाही.

दुसरा धोका सुरक्षिततेचा. घरातली प्रत्येक वस्तू बाळाच्या हाती देण्यासारखी नसते. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात पूर्ण बसणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, असे खेळण्यांच्या तपासणीत धरले जाते. चिंचोके, शेंगदाणे, हरभरे, मणी, नाणी हे सर्व त्यात बसतात. कोसबाडच्या बिया बालवाडीच्या वयासाठी ठीक, तोंडात वस्तू घालणाऱ्या बाळासाठी नाहीत. रिमोट आणि घड्याळातले बटणासारखे सेल तर गिळले गेल्यास दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा करतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, लांब दोऱ्या, पोपडे निघालेला जुना रंग यांपासूनही मुलाला दूर ठेवावे. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. वाटीला असे चिन्ह कोणी देत नाही. तिची तपासणी आपणच करायची.

स्वतः पाहा

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हा विषय प्रकल्पासाठी उत्तम आहे. ओळखीच्या घरातले दहा-बारा महिन्यांचे बाळ, त्याच्या आईची परवानगी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ इतके पुरे. चार वस्तू घ्या: नवे खेळणे, जुने खेळणे, बाळाला नवी असलेली घरातली वस्तू आणि रोजची घरातली वस्तू. चारही सुरक्षित असाव्यात. त्या बाळापासून सारख्या अंतरावर ठेवा आणि दहा मिनिटे नोंद करा. कोणती वस्तू किती सेकंद हाती होती, कितीदा पुन्हा उचलली, तिच्याशी किती वेगवेगळ्या कृती केल्या. दुसऱ्या दिवशी जागा बदला. तिसऱ्या दिवशी बाळासमोर आईने आधी एखादी वस्तू पाच मिनिटे वापरावी, मग पाहा. नोंदी घेताना विद्यार्थ्यांत वाद होईल, की ‘आवडणे’ मोजायचे कशाने? जास्त वेळ धरले म्हणजे आवडले, की जास्त वेळा परत आले म्हणजे? तो वाद होऊ द्यावा. एका बाळावरून नियम सांगू नये, हेही त्यातून आपोआप शिकले जाईल.

शिक्षकांना खरेदीच्या वेळी चार प्रश्न विचारता येतील. या वस्तूशी मूल किती वेगवेगळ्या गोष्टी करू शकेल? मुलाने रीत बदलली तर वस्तूचे उत्तर बदलते का? ती हाती असताना मोठे माणूस मुलाशी जास्त बोलेल की कमी? आणि ती मुलाने तोंडात घातली तर चालेल का? या कसोट्यांवर साधा चेंडू उतरतो, लाकडी ठोकळे उतरतात, चिंध्यांची बाहुलीही उतरते. वाटी तर उतरतेच. पाच बटणांचे खेळणे फक्त शेवटच्या कसोटीला उतरले.

ते खेळणे आमच्याकडे अजून आहे. त्याचे सेल संपले तेव्हा आम्ही नवे घातले नाहीत. तेव्हापासून नातू त्याच्याशी जास्त खेळतो. ते उलटे करून त्यावर वाटी ठेवतो, ढकलतो, वाटी कोठे पडते ते पाहतो.